बाजूचा फोटो काढणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, भर दुपारी, अमळनेरला तुमच्या एक्स-रे सेंटरवर पोराला धरून आलेली बाई मी.

पोराच्या छातीत जन्मापासून खड्डा. सासूबाई म्हणायच्या, मोठा झाला की भरून येईल. उलट मिसरूड फुटायच्या वयात तो खोल गेला. पळाला की धाप लागायची, आणि चारचौघांत सदरा काढणं त्याने सोडूनच दिलं. नववीची परीक्षा संपल्यावर मुंबईत ऑपरेशन केलं. डॉ. डोनाल्ड नस यांनी १९८७ साली सुरू केलेली पद्धत. दोन्ही बाजूंना लहान छेद घेतात, दुर्बिणीतून बघत धातूची वाकवलेली पट्टी छातीच्या मधल्या हाडामागून, हृदयाच्या अगदी पुढून सरकवतात आणि आत गेलेलं हाड पुढे उचलतात. पट्टी दोन-तीन वर्षं आतच.

पहिल्या दिवशी फुप्फुसाबाहेर थोडी हवा दिसली. माझे हातपाय गळाले, पण ती आपोआप जिरली, बहुतेकांची जिरते म्हणे. दुखणं मात्र भयंकर. पाठीतल्या नळीतून औषध चालू असूनही पोर रात्रभर दात आवळून पडलेलं असायचं.

घरी सोडताना कागदावर ‘जड काम टाळा’ एवढंच होतं. कंबरेतून पिळायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही, हाताला धरून ओढून उठवायचं नाही, हे कुणी बसून सांगितलं नाही. याचा राग माझ्या मनात अजून आहे.

तिसऱ्या आठवड्यात त्याने अंगणात मोटारसायकल स्टँडवर चढवली. लगेच आत आला. “माय, छातीमा काहीतरी सरकनं.” जवळच्या दवाखान्यात स्नायू आखडला असेल म्हणाले आणि छातीचा समोरून एक फोटो लिहून दिला.

तुम्ही तो काढलात. मग मुंबईचे जुने फोटो मागितलेत, खिडकीच्या उजेडात धरलेत आणि म्हणालात, “ताई, बाजूनेही एक काढतो.” कागदावर ते नव्हतं. त्याला हात वर नेता येईनात, तर तुम्ही सलाईनचा स्टँड आणून पुढे ठेवलात आणि त्यावर हात टेकवायला लावलेत. पोर कण्हलं तसे थांबलात. पुन्हा विचारलंत. बाहेर रांग होती, पण तुम्ही घाई केली नाहीत.

जुन्या फोटोत बाजूने पट्टी ताठ उभी होती, नव्या फोटोत ती कलंडलेली. मलाही दिसलं. “मी डॉक्टर नाही, निदान सांगणार नाही. पण हे दोन्ही फोटो तुमच्या सर्जनना आत्ता पाठवा, उद्यावर टाकू नका,” हे तुमचे शब्द. माझा हात थरथरत होता, म्हणून माझ्या मोबाईलवरून तुम्हीच पाठवलेत. पैसे एकाच फोटोचे घेतलेत.

सर्जनचा फोन अर्ध्या तासात आला. रात्रीच गाडी केली. धुळे, मालेगाव, नाशिक, प्रत्येक गतिरोधकाला मी त्याच्या पाठीमागची उशी दाबून धरत होते. दुसऱ्या दिवशी एका बाजूने पुन्हा उघडून पट्टी फिरवली आणि टोकाला आडवा तुकडा लावून बरगडीशी तारेने बांधली. पट्टी सरकणं ही या ऑपरेशननंतरची नेहमीची अडचण आहे, पोरं वाढत्या वयाची असतात, पहिल्या महिन्यात जपावं लागतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. समोरच्या फोटोत पट्टी फिरल्याचं पटकन ध्यानात येत नाही, बाजूच्या फोटोत येतं, हेही त्याच सर्जनांनी सांगितलं. मी त्यांना तुमच्याबद्दल बोलले. ते म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांगा. तो निरोप आज पोचवते, तीन वर्षं उशिरा. माफ करा.

त्यानंतर जखमेला लाली आली, आठवडाभर गोळ्या चालल्या, ते निभावलं. दहावी त्याने पाठ ताठ ठेवून दिली. गेल्या महिन्यात पट्टी काढली. छाती सपाट आहे, भाऊ. परवा विहिरीवर सदरा काढून उडी मारली त्याने. मी काठावर उभी होते.

काढलेली पट्टी आम्ही मागून घेतली. येत्या रविवारी तो तुमच्याकडे घेऊन येतोय. तुम्ही ती फक्त पांढरी रेघ म्हणून पाहिली आहे, एकदा हातात धरून बघा. सोबत भरीत आणि कळण्याच्या भाकरी पाठवते, त्या दिवशी डबा आणू नका.

तुमची ताई