बिल आम्ही भरतो, पाळतही आमच्यावरच : केंद्रीय दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय दूरसंचार मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

विषय : इंटरनेट कंपन्यांनी जाहिरातींसाठी ग्राहकांच्या वापरावर ठेवलेली नजर थांबवण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या पंधरवड्यात कोथरूड, धायरी आणि हडपसरमधल्या काही सोसायट्यांतल्या ग्राहकांना त्यांच्या इंटरनेट कंपनीचा इंग्रजी संदेश आला. अटी बदलल्या आहेत, सेवा वापरत राहिलात तर त्या मान्य आहेत असे धरले जाईल. खालच्या दुव्यावर जाऊन बारीक अक्षरांतली पाने चाळत गेल्यावर शेवटाकडे एक वाक्य सापडते : ग्राहकाच्या वापराची माहिती ‘आवडीनुसार जाहिराती’ दाखवण्यासाठी भागीदारांना देता येईल. भागीदार कोण, ते लिहिलेले नाही. नको असेल तर कुठे कळवायचे, तेही नाही.

आम्ही पुण्यात नेटवर्क उभारण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो. म्हणून या एका वाक्याचा तांत्रिक अर्थ आधी सांगतो.

ब्राउझरमध्ये कुलूप दिसले की आपण काय करतो ते कंपनीला कळत नाही, अशी लोकांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. त्या कुलपामागच्या एचटीटीपीएस या सांकेतिक पद्धतीमुळे पानावर काय वाचले ते झाकले जाते. कोणाच्या दारात गेलात ते झाकले जात नाही. साइटचे नाव टाकल्यावर फोन आधी तिचा आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांतला पत्ता, विचारतो. नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. ही डीएनएसची विचारणा बहुतेक घरांत ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (जोडणीच्या ठरलेल्या दारातून), उघड्या पोस्टकार्डासारखी, कंपनीच्याच सर्व्हरकडे जाते. ती झाकली तरी जोडणी सुरू करणाऱ्या पहिल्या संदेशात साइटचे नाव पुन्हा उघडे लिहिलेले असते. त्याला एसएनआय म्हणतात. ते झाकण्याची ईसीएच नावाची पद्धत आली आहे, पण ब्राउझर आणि साइट दोघांनीही ती वापरली तरच उपयोग होतो. आणि सगळे झाकले तरी कोणत्या पत्त्याशी, किती वाजता, किती एमबी देवाणघेवाण झाली हे तारेच्या मालकाला दिसतच राहते.

रात्री दोन वाजता डायलिसिस केंद्राची साइट, पाठोपाठ झटपट कर्जाचे अ‍ॅप, सकाळी सोनेतारणाची चौकशी. पानावरचा एकही शब्द न वाचता त्या घरात काय चालले आहे ते कळते. आणि त्या घराचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि ओळखपत्राची प्रत कंपनीने जोडणी देतानाच घेऊन ठेवलेली असते.

“गूगल आणि फेसबुकही तेच करतात,” असे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. ते करतात, आणि तेही आम्हाला मान्य नाही. पण तिथून खाते बंद करून बाहेर पडता येते, दुसरा ब्राउझर घेता येतो. तारेतून बाहेर कसे पडायचे? पुण्यातल्या कितीतरी इमारतींत बिल्डरने किंवा केबलवाल्याने एकाच कंपनीची फायबर वर आणलेली असते. शिवाय या सेवेचे पैसे आम्ही दरमहा रोख मोजतो, ती कोणी फुकट देत नाही.

आता संमतीबद्दल. जोडणी एकाच्या नावावर असते, वापरते सगळे घर. आजोबांचा फोन, सुनेचा कामाचा लॅपटॉप, नातीचा अभ्यासाचा टॅब, आठवडाभर आलेला पाहुणा, सगळे एकाच राउटरमागे. फॉर्मवर सही करणाऱ्याने या सगळ्यांच्या वतीने संमती कशी दिली? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे ९ वे कलम १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई करते. ही विचारणा टॅबवरून आली की आजोबांच्या फोनवरून, हे कंपनीला खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे घरगुती जोडणीवर जाहिरातींसाठी नोंद ठेवली की मुलांची नोंद त्यात येणारच. या पत्रात आमचे मुख्य म्हणणे हेच आहे : घराच्या जोडणीवर ही संमती घेताच येत नाही, म्हणून हा व्यवहारच बंद झाला पाहिजे.

ग्राहकाने स्वतःची काळजी घ्यावी, असे तुमच्या खात्यातून सांगितले जाईल. ती कशी घ्यावी लागते ते पाहा. राउटरच्या डीएचसीपीच्या (उपकरणांना पत्ते वाटण्याच्या) पानावर कंपनीचा डीएनएस काढून तिथे क्वाड९ या दुसऱ्या डीएनएस सेवेचे पत्ते ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२ लिहायचे, मग घरातली सगळी उपकरणे बंद करून पुन्हा जोडायची, कारण जुन्या डीएनएसचा पत्ता मुदत संपेपर्यंत चालू राहतो. तरी आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीमधून कंपनीचाच डीएनएस उपकरणांना मिळत राहतो, तो वेगळ्या पानावर बदलावा लागतो. कंपनीने घरी बसवलेल्या बऱ्याच फायबरच्या डब्यांत ही पाने ग्राहकाला उघडतच नाहीत, कारण वरच्या अधिकाराचा पासवर्ड कंपनी देत नाही. ज्यांना उघडतात त्यांचा बदल कंपनी टीआर-०६९ या दुरून चालणाऱ्या व्यवस्थेतून पुसू शकते.

हे सगळे जमले तरी ५३ पोर्टवरची विचारणा वाटेत अडवून परस्पर उत्तर देता येते. आपल्या जोडणीवर असे होते का, ते कोणालाही तपासता येईल. संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘एनएसलुकअप’, मग कोणत्याही साइटचे नाव आणि शेवटी १९२.०.२.१ असे लिहा. हा पत्ता फक्त लिखाणातल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे कोणताही सर्व्हर नाही. वेळ संपल्याचा संदेश आला तर ठीक. साइटचा पत्ता परत आला, तर मध्ये कोणीतरी उत्तर देते आहे. बंदी घातलेल्या साइट अडवण्यासाठी ही यंत्रणा लागते, असे कारण मिळते. पण जी यंत्रणा एका साइटसाठी सगळ्या विचारणा वाचते, तिला त्या लिहून ठेवायला वेगळे काही लागत नाही.

अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे. तिथे ‘डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट’ इंग्रजीत लिहिले की विचारणा ८५३ पोर्टवरून झाकून जाते, आणि ही सोय प्रत्येकाने वापरावी. मात्र एखाद्या नेटवर्कवर ते पोर्ट बंद असेल तर फोन सरळ ‘इंटरनेट नाही’ म्हणतो, आणि घाबरून लोक ती सोय काढून टाकतात. राहता राहिला व्हीपीएन, म्हणजे सगळा वापर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून झाकून नेण्याची सोय. त्याने नजर एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाते, एवढेच. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांनाही ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायला सांगितले, आणि काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. सत्तरीतल्या ग्राहकाने यातले नेमके काय करावे, ते तुम्हीच सांगा.

ही भीती हवेतली नाही. ब्रिटनमध्ये बीटी कंपनीने २००६ आणि २००७ साली ग्राहकांना न विचारता त्यांच्या वापरावर ‘फॉर्म’ (Phorm) नावाच्या जाहिरात यंत्रणेची चाचणी घेतली. ते २००८ मध्ये उघड झाले. अमेरिकेत व्हेरायझन कंपनी ग्राहकाच्या प्रत्येक उघड्या विनंतीला एक ओळखक्रमांक चिकटवत होती. तो फोनवर नव्हे, नेटवर्कमध्ये जोडला जात असल्याने कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेल्या साइटच्या खुणा) पुसून जात नव्हता. २०१६ मध्ये तिला साडेतेरा लाख डॉलर दंड झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने ग्राहकाची संमती सक्तीची करणारे नियम रद्द केले. आपल्याकडे २०१५ मध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या थ्रीजी जोडणीवर वाचकाच्या पानात परस्पर कोड घातला जात असल्याचे बंगळुरूच्या एका प्रोग्रामरने दाखवून दिले, तर त्यालाच कायदेशीर नोटीस आली.

आणि तुमचे सरकार काय करत होते? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. १६ जुलै २०१८ रोजी ट्राय या दूरसंचार नियामकाने शिफारस केली की माहितीचा मालक ग्राहक आहे, कंपन्या केवळ राखणदार. माहिती संरक्षणाचा कायदा यायला ऑगस्ट २०२३ उजाडला, नियम यायला नोव्हेंबर २०२५. त्यातही संमतीची, माहिती पुसून घेण्याची, मुलांच्या संरक्षणाची कलमे अठरा महिने पुढे ढकलली, म्हणजे मे २०२७. पण त्याच कायद्यातले ४४ (३) कलम, ज्याने माहिती अधिकारातून मिळणारी माहिती आखडली, ते मात्र लगेच लागू केले. नागरिकाने सरकारला विचारायचा हक्क त्याच दिवशी कमी झाला आणि कंपनीला ‘नको’ म्हणायचा हक्क दीड वर्ष लांबला. माहितीच्या अधिकाराचे अर्ज घेऊन ज्या शहरातले लोक वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत आले, त्या शहराला हे फार लागले आहे.

माहिती संरक्षणाच्या त्या कायद्यात कंपनीला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तो जातो सरकारच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून एक रुपया मिळत नाही. खोटी किंवा उगाचची तक्रार ठरली तर मात्र त्याच नागरिकाला दहा हजारांपर्यंत दंड. कंपनीकडे तक्रार करावी तर वेग, बिल, जोडणी बंद असे पर्याय पुढे येतात. ‘माझ्यावर नजर ठेवू नका’ हा पर्याय नाही. वर अपील केले तर त्याच्या निकालाला ३९ दिवसांची मुदत, आणि ते अपील ऐकणारे प्राधिकरणही कंपनीनेच नेमलेले.

डिसेंबर २०२१ मध्ये तुमच्या खात्याने परवान्यात बदल करून ग्राहकांच्या वापराच्या नोंदी एकाऐवजी दोन वर्षे जपायला लावल्या. कारण सुरक्षेचे दिले. मग त्या नोंदींना जाहिरात विभागाने हात लावायचा नाही, हे त्याच परवान्यात लिहायला काय अडचण आहे? संसदेत जाण्याची, मे २०२७ ची वाट पाहण्याची गरज नाही. परवान्याची अट बदलणे आजही तुमच्या हातात आहे. घरगुती जोडणीवरच्या डीएनएस, एसएनआय आणि वापराच्या नोंदी जाहिरातींसाठी वापरायला किंवा कोणाला द्यायला मनाई करा. नाव काढून दिल्या तरी मनाई हवी, कारण इमारत, वेळ आणि चार साइट जुळवल्या की माणूस ओळखू येतो. नकार देणाऱ्याकडून जास्त पैसे घेऊ देऊ नका. अमेरिकेत एटी अँड टीने त्यासाठी महिना २९ डॉलर जादा लावले होते. फायबरच्या डब्याचा पासवर्ड ग्राहकाला मिळाला पाहिजे, आणि कंपन्यांच्या सर्व्हरची तपासणी त्यांच्या पगारावर नसलेल्या माणसांकडून होऊन अहवाल जाहीर झाला पाहिजे.

‘वापरत राहिलात म्हणजे मान्य’ ही अट घालणारे संदेश मागे घेण्याचा आदेश पहिल्यांदा काढा, कारण त्यांची मुदत पुण्यातल्या काही ग्राहकांसाठी या महिनाअखेर संपते. आणि या पत्राचे उत्तर मराठीत द्या. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मिळण्याची सोय तुमच्याच कायद्याच्या ५ व्या कलमात आहे.

आपले,
पुण्यात नेटवर्कचे काम करणारे काही नागरिक