मंचरच्या मिस्त्रीकाकांना, पिकअपची थरथर थांबली त्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी नारायणगावला माल भरायला उशीर होत होता, म्हणून पैसे देऊन तसाच निघालो. नीट आभार मानायचे राहून गेले. फोन केला की तुम्ही "बरं, गाडी ठीक आहे ना? मग ठेव" म्हणता. म्हणून लिहितोय. आणि हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण नाशिक-पुणे हायवेवर माझ्यासारखे पिकअपवाले पुष्कळ आहेत.

चार महिने ती थरथर अंगावर काढली. ६० पर्यंत काहीच नाही. काटा ७५ च्या पुढे गेला की सीटखालून गुणगुण सुरू व्हायची आणि ८५ ला गिअरचा दांडा बोटांत झिणझिणायचा. चारही चाकांचं बॅलन्सिंग दोनदा केलं, अलाइनमेंट केली, मागचे दोन टायर नवे टाकले, शेवटी इंजिनखालचं रबरी माऊंटिंग बदललं. १९,००० रुपये गेले आणि थरथर जिथल्या तिथे. एका ठिकाणी तर सांगितलं, मालाची गाडी आहे, थरथरणारच, ६० ने चालव. चालवलीसुद्धा. पण वाशीला टोमॅटो उशिरा पोचला की त्याला भाव कोण देतो? वडील गाडी विकायचं बोलू लागले होते.

तुम्ही पान्याला हातच लावला नाहीत. आधी विचारलंत, "भरल्या गाडीला जास्त की रिकाम्या?" मी म्हटलं, भरल्या गाडीला वेगळी लागते, रिकामीला वेगळी. हे मी आधी प्रत्येक ठिकाणी सांगितलं होतं. ऐकून मान हलवणारे तुम्ही पहिले. मग विचारलंत, "हे सुरू व्हायच्या आधी गाडीवर शेवटचं काम काय झालं?" मला आठवेना. खूप वेळाने आठवलं, क्लचप्लेट बदलली होती. पण त्यानंतर दोन-तीन आठवडे गाडी शेत ते मार्केट एवढीच फिरली, ४०-५० च्या वर गेलीच नाही. त्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींना जोडाव्यात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तुम्ही शेजारी बसलात आणि आपण कळंबच्या दिशेने निघालो. तुम्ही चपला काढून अनवाणी तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवले आणि डोळे मिटले, ते मी विसरणार नाही. ८० ला म्हणालात, स्टिअरिंग सैल धर. स्टिअरिंग शांत होतं, थरथर सगळी तुमच्या तळव्यांत. "पुढची चाकं नाहीत." ८५ ला म्हणालात, न्यूट्रल कर. इंजिनचा आवाज खाली बसला, गाडी नुसती वाहत राहिली, आणि थरथर तशीच. ७५ ला एकदा चौथ्यात, एकदा पाचव्यात चालवायला लावलीत. इंजिनचे फेरे बदलले, थरथर बदलली नाही. म्हणजे इंजिन नाही, क्लच नाही, माऊंटिंग तर नाहीच. दोष गिअरबॉक्सच्या मागे. एक रुपयाही खर्च न होता माझा अर्धा प्रश्न रस्त्यावरच सुटला.

परत आल्यावर तुम्ही खडूने फरशीवर हिशोब मांडलात. चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर पळते, म्हणजे चाकाचे दहा-अकरा फेरे. मागच्या एक्सलचं प्रमाण चारच्या आसपास, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याचे) चार फेरे, म्हणून त्याच सेकंदात शाफ्टचे बेचाळीसेक फेरे. "चाक असतं तर थडथड जाणवली असती. ही गुणगुण आहे. शाफ्टच बघू." मी दहावीनंतर गणिताला हात लावला नव्हता, पण ती आकडेमोड वहीत उतरवून ठेवली आहे.

चाकांखाली दगड लावून आपण दोघं गाडीखाली गेलो. तुम्ही डिझेलच्या फडक्याने शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात त्या सरकत्या जोडावरचा चार महिन्यांचा चिखल आणि ग्रीस पुसलंत, तेव्हा दोन छोटे बाण दिसले. ते समोरासमोर असायला हवे होते. बोटभर सरकले होते. क्लचच्या कामात गिअरबॉक्स खाली घेताना शाफ्ट काढला आणि परत बसवताना कुणी खूण बघितलीच नाही. शाफ्टला कोन असला की त्याच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा वळता सांधा, एकसारखा फिरवत नाही, एका फेरीत दोनदा ओढतो आणि दोनदा ढिला सोडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते उसनं फेडतो, पण दोन्ही योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके काटे, एका रेषेत असतील तरच. हे तुम्ही दोन मुठी पुढेमागे फिरवून दाखवलंत. ७० क्रेट भरले की स्प्रिंगचे पाटे दबतात, कोन बदलतो, म्हणून थरथरही बदलायची. मी सांगत होतो त्या गोष्टीला कारण होतं. हे कळलं तेव्हा मला किती बरं वाटलं, ते तिथे बोलता आलं नाही.

शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर निम्मं चिरलेलं निघालं. ते तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि सांगितलंत, हे सुटून शाफ्टचं पुढचं टोक रस्त्याला लागलं असतं तर चालत्या गाडीचं काय झालं असतं. काका, दर खेपेला माझ्या शेजारी माझा धाकटा भाऊ बसलेला असतो. माझे खरे आभार यासाठी आहेत.

शाफ्ट जुळवल्यावर तुम्ही सेंटर पंचने दोन्ही बाजूंना ठळक ठिपके मारलेत आणि म्हणालात, "आता आंधळ्यालाही चुकवता यायचं नाही." त्यानंतर वाशीच्या अकरा खेपा झाल्या. परवा शेजारच्या गावातल्या एकाच्या पिकअपचं क्लचचं काम निघालं, तेव्हा खडू घेऊन मी स्वतः गॅरेजमध्ये उभा राहिलो आणि शाफ्ट काढायच्या आधी खूण करायला लावली.

तुमचा १४ नंबरचा पाना माझ्या सीटमागे निघाला. शनिवारी वाशीहून परतताना घेऊन येतो. आई मासवडी करून देणार आहे, तेव्हा दुपारचं जेवण करू नका.

तुमचा,
नारायणगावचा पिकअपवाला