तुझा फोटो मोठा करून पाहिला

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. मास्कचा विषय पत्रात काढणार नाही असं तिला कबूल केलंय.

फोटो मी कट्ट्यावर सगळ्यांना दाखवला. जुन्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये तू, तोंड काळं, हातात वायर ब्रश. नंदूकाका म्हणाले, हा तर तूच, मिशा तेवढ्या नाहीत. घरी येऊन दोन बोटांनी मोठा करून पाहिला तर मास्क हनुवटीखाली लोंबतोय.

बघ, निघालाच विषय.

तुझ्या त्या 1630 नंबरच्या इंजिनाची गोष्ट मी आत्तापर्यंत चौघांना सांगितली. 1918 साली अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीने रशियासाठी बांधलं, तिकडे क्रांती झाली आणि इंजिन अमेरिकेतच राहिलं. रशियाचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, पाच फूट, अमेरिकेतलं त्याहून कमी, म्हणून चाकांना रुंद टायर चढवून अमेरिकेतल्या रुळांवर आणलं. काय डोकं आहे! आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूपी जातीची पहिली सोळा इंजिनंही बाल्डविनचीच, 1947 ची. म्हणजे नात्यातलंच निघालं की रे.

आमच्या वेळी लॅगिंग, म्हणजे बॉयलरची उष्णता धरून ठेवणारा थर, करायचं म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसची भुकटी घमेल्यात पाण्याने कालवायची आणि बॉयलरवर हाताने थापायची, गोवऱ्या थापतात तशी. जुनं खरवडलं की कवडशात पांढरं पांढरं तरंगत राहायचं. त्यातच बसून आम्ही डबे खाल्ले. ते फुफ्फुसाला घातक असतं हे कोणी कधी सांगितलं नाही. मागच्या महिन्यात नंदूकाकांना धाप लागली म्हणून नेलं, तर डॉक्टरांनी आधी विचारलं, नोकरी कुठे केलीत? चाळीस वर्षांनंतर! माझे कपडे तुझी आई मागच्या दारी झटकायची, तेव्हा तू पोटात होतास. हे मी तिच्याजवळ कधी बोललेलो नाही. तूही बोलू नकोस.

तू म्हणशील, बाबा, आता ते लॅगिंग नसतं, इथे नियम आहेत. माहीत आहे. 1472 दिवस इंजिन चाललं किंवा 15 वर्षं झाली की बॉयलर उघडून आतूनबाहेरून तपासायचाच, हे तूच सांगितलंस. ऐकून बरं वाटलं. पण एवढ्या कडक देशात मास्क हनुवटीला कशाला? गंज आहे, काजळी आहे, जुना रंग आहे, त्यात शिसं असतं. चिमणीवर कपडा बांधतोस, स्वतःच्या नाकावर नाही.

पुरे. म्हातारा झाला की माणूस एकच ट्यूब ठोकत बसतो. माफ कर.

आणि फुकट राबतोस म्हणालो, ते मागे घेतो. कोळशापासून लांब राहावास म्हणून तुला कॉम्प्युटरला घातलं आणि तू शनिवारी पहाटे उठून शिकागोहून गाडी हाकत कोळशाकडेच जातोस. राग आला होता. खरं सांगू? रागापेक्षा दुसरंच काहीतरी होतं, ते मला फोनवर बोलता आलं नाही.

बॉयलरचे पत्रे धरून ठेवणाऱ्या स्टे बोल्टवर हातोडी मारताना गप्पा मारू नकोस. चांगला असेल तर खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. पुढच्या वेळी तो आवाज रेकॉर्ड करून पाठव. माझा डावा कान गेलाय, उजव्याने ऐकीन.

आईने मेतकूट पाठवलंय, माईआत्याच्या हातचं. त्याच खोक्यात मेडिकलवाल्याकडचे दहा मास्क घातलेत. तिकडे चांगले मिळतात हे मला कळतं, तरी घातलेत.

तुझा,
बाबा