चिमीच्या नाचाबद्दल, जर्मनीहून

तीर्थस्वरूप काका आणि सौ. काकू यांस,
मनीचा साष्टांग नमस्कार.

काल आईचा फोन झाला. तुमची चिमी पणजीला कला अकादमीतला कथकचा वर्ग सुटला की म्हापशाची बस धरायच्या ऐवजी कांपालच्या फूटपाथवर मुलांबरोबर 'उड्या मारते', हे कुणीतरी सावंतवाडीला येऊन तुमच्या कानावर घातलं म्हणे. काकू तर तिला घरी बोलावून घ्यायच्या बेतात आहेत. आईबाबांना तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा. पण पोर आमच्या घरी राहते, तेव्हा मला लिहायलाच हवं. फोनवर काकू मला बोलू देत नाहीत, म्हणून पत्र.

योगायोग बघा, या मोसमात माझ्या कामाच्या जागी नेमका हाच वाद चालू आहे. आमची कंपनी बॅलेची, म्हणजे अगदी सोवळ्यातली. रोज सकाळी सगळे बारला धरून उभे. (काका, हा बार म्हणजे भिंतीला लावलेला लाकडी दांडा. गोव्यातला नव्हे.) यंदा नवीन नृत्यरचनेसाठी ज्याला बोलावलंय तो रस्त्यावर नाचून मोठा झालेला, ब्रेकिंग आणि क्रम्पवाला. ब्रेकिंग म्हणजे जमिनीवर हात टेकून, डोक्यावर गिरक्या घेत करायचा हिपहॉप नाच. क्रम्प म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिलेला नाच. मी फिजिओ, त्यामुळे मला नाच दिसतो तो गुडघ्यापासून वर.

बॅलेत पाय खुब्यापासून बाहेर वळवायचे, अंग वर खेचून धरायचं, आणि उंच उडी घेऊन खाली आलं तरी आवाज होता कामा नये. क्रम्पमध्ये सगळं उलट. पाय सरळ समोर, गुडघे वाकलेले, वजन खाली, पाय आपटायचा आणि छाती झटकायची. पहिल्या आठवड्यात माझ्या खोलीबाहेर रांग लागली होती. कुणाच्या मांड्या भरल्या, कुणाची मान धरली. एक मुलगी तर वर्षानुवर्षं राजकन्येच्या भूमिका करणारी. तिला पाय आपटताच येईना. जोरात खाली आणायची, पण जमिनीला टेकताना तिचा घोटा आपोआप आवाज गिळून टाकायचा. शेवटी त्याने तिला बूट काढायला लावले आणि आधी टाच, मग तळवा, असं अनवाणी चालवलं. काकू, मला चिमी आठवली. तत्कार, म्हणजे कथकचं पदताडन, करून करून तिचे पाय आधीच बोलायला शिकलेत. या मुलींना जे महिनाभर घोटावं लागतंय, ते तिच्याकडे कथकमुळेच आहे.

दुसरी गंमत मोजण्याची. बॅलेवाले एक ते आठ मोजतात. हा मोजतच नाही, तोंडाने आवाज काढतो, 'धुम, टक, का, धुम', आणि सगळ्यांनी ते अंगात घ्यायचं. बाकीचे गोंधळले, मला वाटलं, हे तर आपलंच. चतुर्थीच्या आरतीला घुमट, ते मातीचं वाद्य, वाजवणारी पोरं ताल कागदावर कुठे शिकतात? पण खरी पंचाईत पुढे झाली. मधल्या सोळा मात्रा त्याने मोकळ्या ठेवल्या आणि म्हणाला, इथे तुमचं तुम्ही करा. बावीस वर्षांचा कसलेला नर्तक, ढिम्म उभा! काका, तुमचे दशावतारातले लोक बिनसंहितेचे रात्रभर संवाद फेकतात, तशी सवय या माणसांना लहानपणापासून कुणी लावलेलीच नाही. चूक करायची नाही, एवढंच शिकवलं.

आता काकूंचा मुख्य मुद्दा, शास्त्रीय नाच यात बाटतो का. मला नाही वाटत, आणि ही सरमिसळ कालपरवाचीही नाही. 1973 मध्येच ट्वायला थार्पने जॉफ्री बॅलेसाठी बीच बॉइजच्या गाण्यांवर रचना केली आणि ग्रॅफिटीवाल्या पोरांना रंगमंचावरच स्प्रेने पडदा रंगवायला लावला. पण काकू, तुम्ही बघायचंच असेल तर अक्रम खानचं 'जिझेल' बघा. हा लंडनचा, बांगलादेशी आईवडिलांचा मुलगा, प्रताप पवारांकडे कथक शिकलेला. 1841 चं ते बॅले त्याने 2016 मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी नव्याने बांधलं. खेड्यातल्या मुलीची गोष्ट कापड कारखान्यातून बेकार झालेल्या कामगारांची केली. पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहणं तसंच ठेवलं, पण घोळका जेव्हा जमिनीकडे झुकून एकदम हलतो, तेव्हा त्यात कथकचं पाणी ओळखू येतं.

मला स्वतःला पटलं ते पॅरिसच्या ऑपेराचं. तिथे 2019 मध्ये रामोचं 1735 चं संगीतनाटक केलं आणि नृत्यरचना बिंतू देंबेले या बाईंकडे दिली. त्या स्वतः हिपहॉपमधून आलेल्या. राजेरजवाड्यांच्या काळातल्या त्या संगीतावर क्रम्प नाचले, आणि नाचणारे होते खुद्द रस्त्यावरचे लोक. क्रम्प म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिलेला नाच. बहुतेक ठिकाणी असं होत नाही. मोबाइलवर बघून दोन हालचाली उचलायच्या, तोंडी लावण्यापुरत्या वापरायच्या आणि पोस्टरवर नाव आपलं. आमच्याकडेही पाहुण्या नर्तकांना प्रयोगागणिक पैसे आणि घरच्यांना महिन्याचा पगार. मी हे बोलून दाखवलं. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट रोज खटकते. ती रस्त्यावरची पाहुणी मुलं गोल करून नाचतात, मधल्याकडे सगळ्यांची तोंडं. रंगमंचावर आली की तो गोल हळूहळू उघडतो आणि सगळे प्रेक्षकांकडे तोंड करतात. आमचा नृत्यरचनाकार बिचारा दर तालमीत त्यांना परत आत वळवतो. आपल्या शिगम्याचं, गोव्याच्या होळीच्या सणाचं, तेच झालं ना? आमचे डिचोलीचे आजोबा मांडावर, म्हणजे गावच्या मानाच्या जागी, ढोल वाजवायचे. पुढे पणजीच्या मिरवणुकीत रोमटामेळ, म्हणजे ढोल वाजवत नाचत जाणारी पथकं, बघितले की कुरकुरायचे, परीक्षकांच्या टेबलापाशी आले की यांचे ढोल जास्त जोरात वाजतात. तरी दरवर्षी जायचे मात्र.

असो. काकू, तुम्हाला काळजी नाचाची कमी आणि मुलांची जास्त आहे, हे मला कळतं. बाबा दोनदा जाऊन उभे राहून आले. आठच्या आत सगळे पांगतात म्हणतात, आणि एका मुलीची आई डबा घेऊन तिथेच बसलेली असते. तुम्हीही एकदा बसा. काकांना सांगायचं तर, ब्रेकिंग 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये होतं आणि मुलींचं सुवर्ण जपानच्या अमीने घेतलं. 2028 ला ते नाही, तेव्हा पदकाची स्वप्नं नकोत!

मला काळजी आहे ती वेगळीच. रबरी तळव्याचा बूट खाली घट्ट चिकटतो, अंग गिरकी घेतं, पाऊल तिथेच राहतं आणि पीळ बसतो गुडघ्याला. आमच्याकडे तालमीला गुळगुळीत तळव्याचे बूट शोधत फिरावं लागलं. चिमी तर सिमेंटच्या फरश्यांवर नाचते, आणि पावसात तिथे शेवाळ धरतं. डोक्यावर गिरक्या तिथे अजिबात नकोत, हे मी तिला खडसावून सांगितलंय. मनगटांना आधी ऊब द्यायची, जमिनीवरचं काम पातळ चटईवर करायचं. बाबांना म्हटलंय, म्हापशात एखादा हॉल संध्याकाळचा मिळतो का बघा. कथकचा वर्ग मात्र एकही बुडवायचा नाही, या बाबतीत मी तुमच्याच बाजूची.

मी चतुर्थीला येते आहे. सावंतवाडीला उतरून मग म्हापशाला जाईन. कोकमाचं आगळ भरून ठेवा, मागच्या वेळचं इथल्या लोकांनीच संपवलं. चिमीसाठी इकडून गुडघ्याचे पॅड घेतेय. वाटीच्या चार बोटं वर मांडीचा घेर किती भरतो, तो तिला तुमच्यासमोर उभं करून काकूंनी टेपने घ्यावा आणि मला कळवावा. मापावर तुमचं अक्षर असलं की तिला पुढे काही विचारायची गरज पडणार नाही.

काकांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची,
मनी