सफाई म्हणून झुडपे तोडू नका

कावळ्याच्या कुळातला ‘सैबेरियन जे’ हा पक्षी युरोप-रशियाच्या उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात बारमाही राहतो. बेरी, मांसाचे तुकडे चिकट लाळेत घोळवून सालीच्या फटीत, दगडफुलाखाली दडवायचे आणि त्यावर हिवाळा काढायचा, ही त्याची रीत. अंडी मार्च-एप्रिलमध्ये, भोवती बर्फ असतानाच! विरळणीत, म्हणजे जंगलातली काही झाडे तोडून गर्दी कमी करताना, खालची दाट स्प्रूसची (एक सूचिपर्णी झाड) रोपे काढली की आडोसा जातो. मग शिक्र्याचा थोरला भाऊबंद गॉसहॉक हा शिकारी पक्षी त्याला टिपतो. वरची उंच झाडे शाबूत असून उपयोग नसतो. सोलापूरच्या माळरानालगत सफाईच्या नावाखाली बोर, तरवड उपटली की आपल्याकडेही आडोसा असाच जातो. बुलबुल, वटवट्या तिथेच घरटी करतात. छाटणी करायचीच तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, एका वर्षी एकच पट्टा, आणि मुळे न उपटता.

– एक पक्षीनिरीक्षक, सोलापूर