टेबल आत सरकवलं, एवढंच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डीजेच्या आवाजाबद्दल वाचकांची पत्रं येतात, ती मी आवर्जून वाचतो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, ती पाळली जावी असं मलाही वाटतं. पण मला लिहायचंय ते ज्या आवाजांची कुणी तक्रारच करत नाही त्यांच्याबद्दल.

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. माझं टेबल अकरा वर्षं शटरला लागून होतं. सकाळी दहाला दोन-तीन टेम्पो एकदम लागतात. मागे पॉवर प्रेस चालू, कॉम्प्रेसर मध्येच धडधडणार, डोक्यावर ट्यूब फडफडतेय, ड्रायव्हर म्हणतोय, "साहेब, सही द्या पटकन, अजून अंबड बाकी आहे," आणि तेवढ्यात प्रॉडक्शनचा मुलगा बोल्ट मागायला उभा. यातलं बरंचसं बाकीच्यांच्या कानावरून निघून जातं. मला सगळं सारख्याच जोराने ऐकू येतं, ट्यूबसुद्धा. हातातलं चलान तीनदा वाचूनही आकडा डोक्यात शिरत नाही. अशाच एका सकाळी ४५० नगांची नोंद मी ५४० केली. महिनाअखेरीला मोजणीत ९० नग कमी भरले, चोरीची कुजबुज सुरू झाली आणि दोन हेल्पर पोरांच्या डब्याच्या पिशव्या गेटवर उघडून पाहिल्या गेल्या. मी तिथेच उभा होतो. चार दिवसांनी मूळ चलान सापडलं, तेव्हा चूक माझी निघाली. दोघांची माफी मागितली, पण त्या पोरांचे चेहरे अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

त्यानंतर बायको मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी आईला आणा, शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर तीही आणा. त्यांना एडीएचडीची, म्हणजे लक्ष एका जागी टिकू न देणाऱ्या अवस्थेची, शंका होती. ती मोठेपणी अचानक सुरू होत नाही, तिची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. आईने पत्र्याच्या पेटीतून चौथीचं पुस्तक काढलं. शेरा होता, 'हुशार आहे, वर्गात लक्ष नसते.' त्या शेऱ्यासाठी मी वडिलांचा मार खाल्ला होता. निदान ऐकून आई डॉक्टरांसमोरच रडली. आवाज आणि उजेड सोसत नाही हे निदानाच्या निकषांत येत नाही, पण एडीएचडी असलेल्या पुष्कळांना तो त्रास होतो, हेही मला तिथेच कळलं.

मित्र विचारतात, दहा वर्षं ढोलपथकात वाजवलंस, तुला कसला आवाजाचा त्रास? प्रश्न रास्त आहे. ढोल कमरेला असला की ताल एकच असतो आणि तो माझ्या हातात असतो, पुढचा ठोका कधी पडणार ते मला माहीत असतं. त्या तासाभरात माझं डोकं जितकं शांत असायचं तितकं एरवी कधी नसतं. तीच मिरवणूक मेनरोडच्या कडेला उभं राहून पाहायची म्हटली की पाच मिनिटांत मळमळायला लागतं. एका मंडळाचा ढोल, मागच्याचा डीजे, शिट्ट्या, डोळ्यांवर लाइट. हा फरक डेसिबलच्या यंत्रावर दिसत नाही.

निदान झाल्यावर मी सुपरवायझरना सगळं सांगितलं. त्यांनी टेबल रॅकच्या मागे आत सरकवलं, ट्यूब बदलली आणि चलानांसाठी शटरजवळ एक ट्रे ठेवला. ड्रायव्हर चलान ट्रेमध्ये टाकतात, मी एकेक घेतो. गोळ्या चालू आहेत, त्यांचाही उपयोग होतो. पण गेल्या दीड वर्षात माझ्या नोंदीमुळे मोजणीत फरक आलेला नाही, यात त्या ट्रेचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

हे बाहेर कुठे मागू? दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यांत एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. दाखवायला माझ्याकडे कागद नाही. एका सरकारी कार्यालयात वारसनोंदीसाठी मी चार खेपा घातल्या, कारण कोणती कागदपत्रं हवीत हे काचेआडून तोंडी सांगितलं गेलं आणि स्पीकरवर टोकन नंबर चालू होते. लिहून द्या म्हटलं, तर "शिकलेले दिसता, ऐकू येत नाही का?" असं उत्तर मिळालं. खिडकीवर छापील यादीचा गठ्ठा ठेवला तर माझ्यासारख्यांचीच नाही, म्हाताऱ्या माणसांचीही सोय होईल.

दुसरी विनंती सिंहस्थाची तयारी करणाऱ्यांना आहे. २०१५ ला आईला रामकुंडावर नेलं होतं. परतताना गर्दी आणि चारी बाजूंच्या कर्ण्यांवरच्या घोषणा असह्य होऊन मी मालेगाव स्टँडजवळ एका दुकानाच्या ओट्यावर कान दाबून बसलो. आईला वाटलं मला चक्कर आली, ती पाणी शोधत फिरली आणि अर्धा तास आमची चुकामूक झाली. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, जी मदत केंद्रं उभी राहतील, त्यांतल्या एका तरी मंडपावर कर्णा नसावा, आत उजेड मंद असावा, दोन बाकडी असावीत, आणि बाहेर पाटी असावी. स्वमग्न मुलांना घेऊन येणाऱ्या आईबापांनाही तिथे टेकता येईल. आई आता त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि २०२७ ला तिला पुन्हा रामकुंडावर जायचंय, माझ्याबरोबरच.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक
(कारखान्यात सगळ्यांना माहीत नाही, म्हणून कृपया नाव छापू नये.)