दारातले स्वागत पुरेसे नाही

संपादक महाशय,

बदली, नोकरी किंवा शिक्षणाच्या निमित्ताने जून-जुलैमध्ये गडचिरोली, चंद्रपूर, मराठवाडा आणि शेजारच्या छत्तीसगडमधून अनेक ख्रिस्ती कुटुंबे व तरुण नागपुरात येतात आणि बिऱ्हाड लागण्याआधीच जवळच्या चर्चची चौकशी करतात. त्यांचे स्वागत होत नाही असे म्हणता येणार नाही. सूचनांच्या वेळी पाळकसाहेब नवागतांना उभे राहून नाव सांगायला लावतात, मंडळी टाळ्या वाजवते आणि आशीर्वचन होताच जो तो आपल्या नेहमीच्या माणसांत मिसळतो. गीतपुस्तक हातात धरून दुचाकींच्या रांगेजवळ घुटमळणारी मुलगी मग वसतिगृहाची वाट धरते. काही रविवारांनंतर ती येईनाशी होते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

उणीव आहे ती मैत्रीची, आणि मैत्री काही समिती नेमून होत नसते. रुग्णालयात पाळीने काम करणाऱ्या परिचारिकेला रविवारी सकाळी सुटी नसेल, तर सायंकाळची उपासना कुठे असते हे सांगणारे, भाड्याच्या खोलीसाठी घरमालकाकडे शब्द टाकणारे, आठवड्यात मधेच फोन करून जेवायला बोलावणारे एखादे घर तिला हवे असते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये नंबर जोडला की आपले कर्तव्य संपले, अशी सोयीची समजूत आपण करून घेतली आहे. (वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसणाऱ्या कुटुंबांनी थोडे सरकून घेतले, तरी पुष्कळ झाले.) शिवाय ओळख होताच आडनाव आणि गाव विचारून समोरचा 'मूळचा कोण' याचा अंदाज घेण्याची आपली जुनी खोड आहेच, विचारणाऱ्याला ती निरुपद्रवी वाटते, पण ऐकणाऱ्याला तिचा रोख बरोबर कळतो.

29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्यांनी एकत्र येऊन याच नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली. बालकांचा बाप्तिस्मा मान्य असणारे आणि केवळ विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढांनाच बाप्तिस्मा द्यावा असे मानणारे, दोघेही त्यात होते. एवढा मोठा मतभेद ज्यांनी पोटात घेतला, त्यांच्या वारसांना एका अनोळखी माणसाशी चार शब्द बोलणे जड का जावे?

शहरातील सर्वच मंडळ्यांना माझी विनंती आहे, की आशीर्वचनानंतरची पहिली दहा मिनिटे जुन्या सभासदांनी नव्या माणसांसाठी राखावीत. इमारत निधी आणि समितीची निवडणूक यांवर त्यानंतरही बोलता येते.

– एक चर्च सभासद, सदर, नागपूर